एअरगनला स्कोप घेताय? झूम नंतर बघा

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलचं कांस्य जिंकलं. तेव्हापासून सापगावची पोरं मला स्कोपच्या लिंक पाठवतात, ‘कुठला घेऊ?’

आधी हे समजून घ्या: ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. स्कोप लागतो फील्ड टार्गेटला. तिथं धातूची लक्ष्यं साधारण ७ ते ५० मीटरवर असतात आणि छर्रा १५ ते ४० मिमीच्या भोकातून जावा लागतो.

जाहिरातीत झूम मोठ्या अक्षरात असतो, पण खरा मुद्दा पॅरलॅक्सचा. ४० मिमी भिंगाचा स्कोप ९० मीटरला फिक्स असेल, तर १० मीटरवर डोळा कडेला सरकला की नेम जास्तीत जास्त १८ मिमी चुकू शकतो. १५ मिमीच्या भोकाला एवढं पुरे! म्हणून पॅरलॅक्स ७-८ मीटरपर्यंत खाली येतो का, ते तपासा. स्प्रिंगची एअरगन पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते. स्कोप तो सोसणारा हवा.

बोअर ४.५ मिमीपेक्षा मोठं किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. आणि नेम लक्ष्यावरच धरा. रानपाखरांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.