कॅमेऱ्याची छोटी दुकाने आणि शासनाचा हात

दिल्लीच्या करोल बागेत आज मोबाइलचे दुकान शोधावे लागत नाही, कॅमेऱ्याचे मात्र शोधावे लागते. अजमल खान मार्ग, आर्य समाज मार्ग आणि गफार मार्केटच्या गल्ल्या या परिसरात कपडे, दागिने, मोबाइलची आवरणे आणि चार्जर यांची रेलचेल आहे. ज्या दुकानात कॅमेरा हाताळून पाहता येईल, जुना देऊन नवा घेता येईल आणि बिघडलेला दुरुस्तीस टाकता येईल, असे स्वतंत्र लहान दुकान विरळ होत चालले आहे. चांदणी चौकातील कूचा चौधरी आणि मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजार हे कॅमेऱ्यांचे जुने ठोक बाजार. तेथे गर्दी अजून दिसते, पण पूर्वीचा डौल राहिलेला नाही.

याचे कारण विचारले की एकच उत्तर मिळते : मोबाइलने कॅमेरा खाल्ला. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर शासनाच्या धारिकांत विखुरलेले आहे आणि प्रशासनात काम करणाऱ्यांनी ते वाचायला हवे, असे माझे मत आहे.

प्रथम तंत्रज्ञानाचा वाटा प्रामाणिकपणे मान्य करू. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७७ लाखांवर आला. म्हणजे सोळातील पंधरा कॅमेरे बाजारातून नाहीसे झाले. अशा लाटेपुढे कोणतेही शासकीय धोरण टिकले नसते. ज्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार झाला, तिलाच जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. आपल्याकडे १९६० मध्ये उटी येथे स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' या नावाने फिल्म बनवीत असे. तीही नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. सरकारी भांडवलाला जे जमले नाही, ते दहा फुटांच्या गाळ्यातील दुकानदाराला जमावे, ही अपेक्षाच चुकीची.

परंतु कथा येथे संपत नाही. २०२४ मध्ये तीच जागतिक संख्या सुमारे ८५ लाखांपर्यंत वाढली. म्हणजे घसरणीला तळ सापडला असावा. उरलेला ग्राहक स्वस्त खेळणे घेणारा नाही. तो लग्नसमारंभ टिपणारा व्यावसायिक आहे, पक्षी-प्राण्यांच्या मागे हिंडणारा हौशी आहे, चित्रफिती बनवणारा तरुण आहे. त्याची खरेदी लाखाच्या घरात जाते. इतकी महाग वस्तू घेताना माणसाला सल्ला हवा असतो, ती हातात धरून पाहायची असते आणि उद्या विकायची झाल्यास गिऱ्हाईक मिळेल याची खात्री हवी असते. वस्तुतः हाच बाजार लहान, जाणकार दुकानदाराचा असायला हवा होता. तो त्याच्या हाती का लागला नाही, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची पहिली बाजू अशी की शासन हे स्वतः या धंद्याचे फार मोठे गिऱ्हाईक होते, आणि ही गोष्ट शासनाला कधी ठाऊकच नव्हती. शाळाप्रवेश, नोकरीचा अर्ज, शिधापत्रिका, वाहनपरवाना, पारपत्र अशा प्रत्येक अर्जावर एक चौकट असे आणि तीत पासपोर्ट आकाराचे छायाचित्र चिकटवावे लागे. टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, १९९३ मध्ये, मतदार ओळखपत्राचा कार्यक्रम सुरू झाला आणि छायाचित्र ही नागरिकत्वाच्या व्यवहारातील नित्याची वस्तू झाली. आमच्यासारखे राजपत्रित अधिकारी त्या छायाचित्रांवर अर्धी सही कागदावर आणि अर्धी चेहऱ्यावर करीत बसत. त्या प्रत्येक सहीमागे कोपऱ्यावरच्या एखाद्या स्टुडिओचे काही रुपये असत. अशा अनेक दुकानांत दर्शनी कपाटात कॅमेरे मांडलेले असत आणि मागे पडद्याआड स्टुडिओ चाले. कॅमेरा महिन्यातून चार विकले जात, पण दुकानाचे भाडे निघे ते पासपोर्ट फोटोंवर. वापरलेल्या हायपोतून परत मिळवता येणारी चांदी ही आणखी एक लहानशी जोड. अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. एक अंग गळून पडले की दुसऱ्याचा खर्च परवडेनासा होतो.

नंतर शासनाने आपली पद्धत बदलली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार पत्र दिले गेले. नोंदणी केंद्रावरच संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याने चेहरा टिपला जाऊ लागला. पारपत्र सेवा केंद्रांतही तसेच झाले. २०१३-१४ पासून केंद्राने स्वयंसाक्षांकनाचा पुरस्कार केला आणि सहीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणे थांबले. या सर्व सुधारणा योग्यच होत्या. सामान्य माणसाचा वेळ आणि पैसा त्यांनी वाचवला. माझा मुद्दा इतकाच की एका संपूर्ण व्यवसायाचे भाडे ज्या नियमावर चालत होते, तो नियम बदलताना त्या व्यवसायाची नोंद कोणत्याही टिपणीत झाली नाही.

दुसरी बाजू करांची. गफार मार्केट फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वसाहतीतून वाढले आणि आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी वस्तूंसाठी देशभर प्रसिद्धीस आले. कॅमेरे, घड्याळे, टेपरेकॉर्डर असे जे कायदेशीर मार्गाने मिळत नसे किंवा भरमसाट जकातीमुळे परवडत नसे, ते तेथे पावतीविना मिळे. १ एप्रिल २००१ रोजी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि या व्यापाराचा मूळ आधार सरला. पण पावतीविना व्यवहार करण्याची सवय राहिली, आणि तिला पुढे शासनानेच खतपाणी घातले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा डिजिटल कॅमेरा २८ टक्क्यांच्या, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या, गटात टाकण्यात आला. लग्नात फोटो काढून पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने कॅमेरा ही चैन नसून शिंप्याच्या शिलाईयंत्रासारखे अवजार आहे. वार्षिक २० लाख रुपयांच्या मर्यादेखालील, नोंदणी नसलेल्या छायाचित्रकाराला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. साहजिकच त्याने पावती नको म्हटले, आणि पावती देणारा दुकानदार महाग ठरला. १ जानेवारी २०१९ पासून दर १८ टक्क्यांवर आणण्यात आला. दीड वर्षाने का होईना चूक सुधारली, पण प्रामाणिक दुकानदाराचे तेवढ्या काळात गेलेले गिऱ्हाईक परत आले असेलच, असे नाही.

तिसरी बाजू जागेची. १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याखालील जुना भाडेकरू नाममात्र भाडे भरतो, तर साडेतीन हजार रुपयांवरील भाडे १९८८ च्या दुरुस्तीने कायद्याबाहेर गेल्यामुळे नव्या भाडेकरूला बाजारभाव मोजावा लागतो. एकाच गल्लीत एकाला भाडे जवळजवळ नाही आणि शेजाऱ्याला ते पेलवत नाही. याचा परिणाम दुहेरी झाला. जुनी दुकाने कायद्याच्या सावलीत तगली, परंतु त्या धंद्यात नवा माणूस येऊ शकला नाही. जुन्या दुकानदाराने पगडी घेऊन जागा सोडली की तेथे अधिक उलाढालीचा धंदा येतो, कॅमेऱ्याचा येत नाही. यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये नवा भाडेकायदा संसदेने संमत केला, त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. त्यात भर पडली ती गाळे सील करण्याच्या मोहिमेची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार २००६ मध्ये ही मोहीम सुरू झाली आणि २०१७ च्या अखेरीस पुन्हा उगारली गेली. बांधकामांना संरक्षण देणारा २००६ चा विशेष कायदा एका वर्षासाठी होता. अशाच कायद्यांची मुदत पुढे वेळोवेळी वाढत गेली आणि २०२३ मध्ये ती २०२६ च्या अखेरीपर्यंत नेण्यात आली. ज्याला आपले दुकान पुढच्या वर्षी उघडे असेल की नाही हे ठाऊक नाही, तो दुकानात लेन्सचा साठा कशाला भरील?

चौथी बाजू आंतरजालावरील विक्रीची. करोल बागेतील बाजार सोमवारी बंद असतो, संगणकावरचा बाजार कधीच बंद नसतो. ही तक्रार मला फारशी पटत नाही, कारण ग्राहकाची सोय हा गुन्हा नव्हे. अडचण वेगळी आहे. ग्राहक दुकानात येतो, तासभर कॅमेरे हाताळतो, दुकानदाराचे ज्ञान फुकट घेतो आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवतो. सल्ल्याचा खर्च एकाचा आणि विक्रीचा लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तर काही काळाने सल्ला देणाराच उरत नाही. २०१६ च्या परकीय गुंतवणूक धोरणाने ऑनलाइन बाजारपेठांना किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकण्यास मनाई केली. डिसेंबर २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले. नियम कागदावर उत्तम होते. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, स्थगिती आली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयाने चौकशी रोखण्यास नकार दिला. चौकशीत नियमभंग आढळल्याची वृत्ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण पुन्हा न्यायालयांत गेले. कोण दोषी, हे ठरवणे माझे काम नाही. पण मोठ्या कंपनीला चार वर्षांचा विलंब हा ताळेबंदातील एक ओळ असतो, लहान दुकानदाराला तो दुकान बंद होण्याएवढा काळ असतो.

येथे कोणी विचारील की हे दुकान वाचवायचे तरी कशासाठी? जळगाव किंवा सांगलीच्या तरुणाला आज दिल्लीच्याच भावात कॅमेरा घरपोच मिळतो, हा लाभ लहान नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी अनुदान किंवा संरक्षण मागत नाही. परंतु दुकानाबरोबर काय जाते, ते पाहावे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये असा विचार मांडला की एकाच धंद्याची माणसे जवळजवळ राहिली की त्या धंद्याचे ज्ञान सभोवतालातूनच झिरपते. करोल बागेत याचे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून आलेले गलाई व्यावसायिक तेथे सोने-चांदी गाळतात. हे कौशल्य त्यांना कोणत्या विद्यालयाने दिले नाही. ते वडीलधाऱ्यांच्या हाताखाली मिळाले. कॅमेऱ्याची दुरुस्ती, लेन्सची बुरशी ओळखणे, जुन्या यंत्राची खरी किंमत ठरवणे हे ज्ञानही असेच आहे. छायाचित्राच्या धंद्याने आपल्याला काय दिले, हेही आठवावे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके गोध्रा येथे छायाचित्रांचा स्टुडिओ चालवीत होते, आणि त्यांच्याही आधी कुस्तीचे चलच्चित्रण करणारे सावे दादा भाटवडेकर हे मूळचे छायाचित्रकारच.

मग शासनाने काय करावे? नवी योजना नको, असलेलेच नीट चालवावे. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला वस्तू व सेवा कराच्या नियम ३२(५) प्रमाणे संपूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या व्यापाराला याहून उपयुक्त तरतूद नाही. ती दुकानदाराला समजावून सांगण्यासाठी कर विभागाने बाजारातच एक दिवस टेबल मांडावे. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या विक्रेत्यालाही ऑनलाइन माल विकायचा तर कर-नोंदणीची सक्ती होती. राज्यांतर्गत विक्रीपुरती ती १ ऑक्टोबर २०२३ पासून सैल झाली. राज्याबाहेरच्या विक्रीचाही विचार व्हावा. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. कॅमेऱ्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका स्वतंत्र कारागिराला मिळाल्या पाहिजेत, एवढे तिच्यातून निष्पन्न झाले तरी पुष्कळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा दिल्लीत कधी आणि कसा लागू होणार, हे एकदा स्पष्ट व्हावे.

आणि शेवटची सूचना आपल्याच कचेरीसाठी. कोणताही अर्जाचा नमुना किंवा कार्यपद्धती बदलताना आर्थिक भाराची टिपणी आपण जोडतो, ती शासनाच्या तिजोरीपुरती असते. तिच्यासोबत आणखी अर्धे पान असावे : या बदलाने कोणाचे उत्पन्न थांबेल, आणि त्याला पुरेशी आगाऊ सूचना मिळाली आहे काय? त्यामुळे एखादी सुधारणा थांबणार नाही, थांबूही नये. पण वर्षभर आधी कळले असते, तर पडद्यामागचा स्टुडिओ आवरून त्याच गाळ्यात दुरुस्तीचे मेज मांडणारे काही दुकानदार करोल बागेत आज नक्कीच असते.