पायलट व्हायचंय? शेत विकण्याआधी घरच्या संगणकावर उडून पाहा

गोंदिया : बिरसी-कामठा परिसरातील मुलांना विमानाचे अप्रूप नाही. प्रशिक्षणाची छोटी डायमंड विमाने त्यांनी डोक्यावर घिरट्या घालताना पाहिली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. 2022 मध्ये येथून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली.

विमान जवळ आले, कॉकपिट मात्र दूरच राहिले. कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च लाखोंच्या घरात जातो. धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घरात त्याचा अर्थ कर्ज किंवा जमीन. एवढा मोठा निर्णय घेण्याआधी आवड खरी आहे की नुसती हौस, हे तपासायचे कसे? एक मार्ग फुकट आहे.

कोणते सॉफ्टवेअर?

फ्लाइटगिअर हा 1990 च्या दशकात स्वयंसेवकांनी सुरू केलेला मुक्त सिम्युलेटर आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. डाउनलोड मोठे असल्याने मोबाइलचा दिवसाचा डेटा संपू शकतो. मात्र मित्राकडून पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. हेच सॉफ्टवेअर नाव बदलून विकणाऱ्यांपासून सावध राहा. अधिकृत संकेतस्थळावर त्याचे पैसे लागत नाहीत.

संगणक जुना असेल, तर गुगल अर्थ प्रोच्या ‘टूल्स’ मेनूत साधा सिम्युलेटर आहे. जिओएफएस तर थेट ब्राउझरमध्ये उघडतो.

काय शिकता येते?

फ्लाइटगिअरमध्ये सेस्ना 172 निवडा आणि विमानतळ म्हणून बिरसीचा कोड ‘व्हीएजीडी’ इंग्रजीत टाका. पहिल्या काही उड्डाणांत विमान बहुधा आपटेल. हळूहळू कळते की नाक जास्त वर उचलले की पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान खाली येते. यालाच स्टॉल म्हणतात.

मग गंमत सोडून गृहपाठ करा. बिरसीहून नवेगावबांध सरळ रेषेत सुमारे 65 ते 70 किलोमीटर दक्षिणेला आहे. 100 नॉट्स, म्हणजे ताशी 185 किलोमीटर वेगाने किती मिनिटे लागतील? आधी वहीत गणित मांडा, मग होकायंत्र, उंची आणि वेग सांभाळत जाऊन पाहा. वाऱ्याचा वेग वाढवून पुन्हा करा. महिनाभर असा सराव करूनही कंटाळा आला नाही, तर आवड खरी समजायला हरकत नाही.

काय शिकता येत नाही?

संगणकावर पोटात गोळा येत नाही, उन्हाळ्यातल्या गरम हवेचे धक्के बसत नाहीत आणि चुकले की पुन्हा सुरुवात करता येते. आकाशात ती सोय नाही. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला.

दुसरी गोष्ट कागदोपत्री. लायसन्ससाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते. घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. ‘सिम्युलेटरवर तास भरून देतो’ असे कोणी सांगितले, तर तो सिम्युलेटर डीजीसीएने मान्य केलेला आहे का आणि नियमाने त्यातले किती तास चालतात, हे आधी विचारा. भौतिकशास्त्र व गणितासह बारावी आणि डीजीसीएची वैद्यकीय तपासणी यांना पर्याय नाही. ही तपासणी फी भरण्याआधीच करून घेतलेली बरी.

शाळांनीही विचार करावा

हे सॉफ्टवेअर एका संगणकावर टाका किंवा वीसवर, परवाना शुल्क शून्य. जिल्ह्यातील ज्या शाळांत बऱ्या क्षमतेचे संगणक आहेत, तिथे दिशा, वेग, वारा आणि त्रिकोणमिती शिकवायला याहून रंजक साधन क्वचितच मिळेल. त्यातून सगळे पायलट होणार नाहीत आणि तशी गरजही नाही. पण ज्याला हे क्षेत्र जमणार नाही, त्याला ते फी भरण्याआधी कळेल. आणि जिला जमेल, तिच्याकडे घरच्यांसमोर मांडायला काहीतरी ठोस असेल.