यादीत कोंडवाडा आहे, पोरं नाहीत

संध्याकाळचे सात वाजलेत. तुमच्या गावातला पंधरा वर्षांचा मुलगा या वेळी कुठे असतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. चार-पाच वर्षांपूर्वी तुम्हीच तिथे होतात. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर, बंद दुकानाच्या पायरीवर, नाहीतर एका गाडीवर तिघं बसून मारलेल्या चकरांमध्ये. आता दुसरा प्रश्न. त्याच्याच वर्गातली मुलगी या वेळी कुठे असते? क्लासमध्ये, क्लासहून घरी येणाऱ्या रस्त्यावर, किंवा घरात. चौथी जागा सुचतेय का बघा.

नगरपालिकेनं पोरांसाठी काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बागेत ओपन जिम बसवली. तिथे सकाळी आजी-आजोबा येतात, दुपारी सामसूम, आणि वर्षभरात दोन मशीनचे पाय निखळतात. व्यायामशाळा बांधली, तिची किल्ली कुणाकडे असते ते शोधावं लागतं. मैदान राखलं, पण त्यावर कधी लग्नाचा मांडव, कधी फटाक्यांचे स्टॉल, कधी सभा, कधी आनंदमेळा. अभ्यासिका मात्र बऱ्याच गावांत खरोखर चालते. पण तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मुलं बसतात आणि भिंतीवर लिहिलेलं असतं, ‘शांतता राखा’. पंधराव्या वर्षी बोलायचं असतं, खेळायचं असतं, भांडायचं असतं. त्या वयाला शांतता राखायला सांगणारी आणखी एक जागा नको असते.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. हे सगळं बांधकाम आहे, सेवा नाही. पाणीपुरवठा म्हणजे नुसती टाकी नव्हे. रोज पहाटे कुणीतरी जाऊन व्हॉल्व्ह सोडतो, म्हणून नळाला पाणी येतं. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आपण टाक्या बांधत सुटलो आणि व्हॉल्व्ह सोडणारा माणूस नेमायचा विसरलो. रोज ठरलेल्या वेळी दार उघडणारा, पोरांना नावानं ओळखणारा, एखादी मुलगी आठ दिवस दिसली नाही तर तिची चौकशी करणारा माणूस. तो आपल्या किती पालिकांच्या पगारपत्रकावर आहे?

याचं मूळ थोडं वर आहे. शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली ती ७४व्या घटनादुरुस्तीनं. ती १९९२ ची, अंमल १ जून १९९३ पासून. त्यासोबत बारावी अनुसूची आली. पालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ती यादी. रस्ते, पाणी, अग्निशमन, दिवाबत्ती, स्मशानभूमी, कत्तलखाने, असं सगळं तिच्यात आहे. कोंडवाडाही आहे, मोकाट जनावरांसाठी. किशोर किंवा युवक हा शब्द मात्र त्या १८ विषयांत कुठेच नाही. उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत, सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देणं आहे. म्हणजे पोरांसाठी काम करायला मनाई नाही. राज्याच्या कायद्यात तर नगरपालिकेच्या विषय समित्यांमध्ये शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य अशी समितीसुद्धा आहे. पण ज्याचं नाव यादीत नाही, त्याचा जाब कुणी विचारत नाही.

वयाच्या हिशोबानं बघितलं तर पोकळी आणखी स्पष्ट दिसते. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी. सहा ते चौदा शिक्षणहक्क कायदा. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार. साठीनंतर ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. अठरा झाली की मतदार यादी, म्हणजे मग भेटायला येणाऱ्यांची रांग. मधली चौदा ते अठरा ही चार वर्षं कुणाच्याच खात्यात नाहीत. त्यांना मत नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणाला ऐकून घ्यावं लागत नाही. आणि नेमकं याच चार वर्षांत बरंच काही ठरतं. शाळा सुटते, पहिली सिगारेट ओढली जाते, पहिल्यांदा गाडी घसरते, पहिल्यांदा मनात ‘जगून काय करायचं’ असं येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. वर्गातली एखादी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल. मैत्रिणींना कळलं. गावाला कळलंच नाही, कारण ती कुठल्याच नोंदवहीत नव्हती.

बरं, जागा रिकामी राहत नाही. पालिका पोचत नाही तिथे ‘भाऊ’ पोचतो. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत कोणाचे चेहरे असतात ते एकदा नीट बघा. मिसरूडही न फुटलेली पोरं असतात ती. त्यांना टी-शर्ट मिळतो, डीजेसमोर नाचायला मिळतं, रॅलीला पेट्रोल मिळतं, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी खांद्यावर हात ठेवून ‘काय रे, कसा आहेस’ म्हणतं. घरी मार्क विचारतात, शाळेत हजेरी विचारतात. ‘कसा आहेस’ विचारणारा एकच भेटला, तर पोरगं त्याच्याच मागे जाणार. याला किशोरांपर्यंत पोचणं म्हणतात, आणि भाऊंना ते उत्तम जमतं. गुटख्याची पुडी उधार देणाऱ्यालाही जमतं, सट्टा खेळायला शिकवणाऱ्यालाही जमतं. जमत नाही ते फक्त पालिकेला.

सरकारकडे योजना नाही असं नाही. २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयासाठी. त्यात पोषणापासून व्यसन आणि मानसिक आरोग्यापर्यंत सगळं आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. पण सोळा वर्षांची मुलगी शाळा बुडवून, ओपीडीच्या वेळेत, केसपेपरच्या खिडकीवर उभी राहील का? त्याच रांगेत शेजारच्या काकू असताना? ‘आम्ही सोय केली, पोरंच येत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक अधिकारी मनापासून म्हणतो. खरंय, येत नाहीत. म्हणूनच तर सेवेनं उठून त्यांच्याकडे जायचं असतं. टपरीवर, क्लासच्या दाराशी, आयटीआयच्या गेटवर, शाळा सोडून जिथे ती काम करतात त्या गॅरेजमध्ये आणि कापडाच्या दुकानात.

हे नगरपालिकांच्या पातळीवर करून दाखवलेला एक देश आहे, आइसलँड. त्याची लोकसंख्या आज चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम महापालिकेइतकी. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात झिंग येईपर्यंत दारू प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्के होते, ते ३ टक्के झाले. हे केवळ ‘व्यसन वाईट’ अशी पोस्टर लावून झालं नाही. त्यांनी शाळाशाळांत मुलांनाच नियमितपणे प्रश्न विचारले: झोप किती, घरी कोण बोलतं, संध्याकाळी काय करता. ती उत्तरं देशाच्या अहवालात पुरून न टाकता प्रत्येक गावाला त्याची त्याची दिली. मग संध्याकाळी खेळ, संगीत, नृत्य यांची सोय शिकलेल्या प्रशिक्षकांसह केली. राजधानी रेक्याविकच्या पालिकेनं तर प्रत्येक मुलामागे छंदवर्गाच्या फीसाठी कुटुंबाला वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली. पालकांना सोबत घेतलं.

तिथे आणखी एक नियम होता, लहान मुलांनी रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर राहायचं नाही. तो मात्र आपण उचलू नये. आपल्या मुलींवर हा नियम घराघरात आधीपासून लागू आहे आणि तो रात्री दहाला नाही, दिवेलागणीला सुरू होतो. आपल्याकडे नियोजन उलट बाजूनं करावं लागेल. सात वाजता मुलगी बाहेर असू शकेल असं गाव आधी आखायचं. म्हणजे काय, तर मैदानावर आठवड्यातले काही तास फक्त मुलींचे. चालू आणि स्वच्छ स्वच्छतागृह. दिवे नुसते मैदानावर नाहीत, तिच्या घरापर्यंतच्या रस्त्यावरही. आणि तिथे बाईमाणूस नेमलेलं. यातली एक गोष्ट सुटली तरी आई पाठवणार नाही, आणि आईचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही.

‘पाणी चार दिवसांआड येतं, आणि यांना छंदवर्ग हवेत’ हा आक्षेप येणारच. तो खोटा नाही. पण यासाठी नवीन इमारत लागत नाही. पालिकेची शाळा संध्याकाळी पाचनंतर बंद असते. वर्ग आहेत, अंगण आहे, नळ आहे. पाच ते आठ ती उघडी ठेवायची. एक बाई आणि एक पुरुष, प्रशिक्षण दिलेले, पगारी. कॅरम, चेंडू, ढोलकी, काही पुस्तकं. आठवड्यातून एकदा मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक तिथेच येऊन बसतील अशी व्यवस्था. भिंतीवर दोन नंबर ठळक: संकटातल्या मुलांसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव दारावर. खर्च दोन पगारांचा आणि विजेच्या बिलाचा. गावाच्या वेशीवरच्या कमानीपेक्षा हे महाग नाही. कमानीवर नाव कोरता येतं आणि इथे कोरता येत नाही, खरी अडचण ती आहे.

आणि हे ठरवताना मुलांना विचारा. फिनलंडनं २०१५ च्या कायद्यानं प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद बंधनकारक केली. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. पण प्रभागातल्या दहा मुलांना आणि दहा मुलींना वेगवेगळं बसवून ‘संध्याकाळी कुठे जावंसं वाटतं, कुठे भीती वाटते’ विचारायला कुठला कायदा लागतो? फक्त वर्गाच्या मॉनिटरला आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेल्याला बोलावू नका. जो कधीच कशाला येत नाही, त्याला गाठा. योजना त्याच्यासाठी आहे.

आता तुमचं काम. हे पान वाचणारे तुम्ही त्या वयातून नुकतेच बाहेर पडला आहात. टपरीवरच्या पोरांची भाषा तुम्हाला येते, ती मुख्याधिकाऱ्यांना येणार नाही. तुमच्यापैकी अनेकजण एनएसएसमध्ये आहेत, म्हणजे दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यायचे आहेत. ते सगळे रस्ता झाडण्यात आणि रॅलीत घालवण्याऐवजी त्यातले काही तास आपल्याच प्रभागात फिरा. कोण शाळेत नाही, कुठलं मैदान बंद आहे, कुठला दिवा लागत नाही, याचा हातानं काढलेला नकाशा करा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात विचारा: गेल्या तीन वर्षांत १३ ते १८ वयासाठी पालिकेनं कशावर किती खर्च केला? उत्तर ‘निरंक’ आलं, तरी तो कागद तुमच्या हातात आहे. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधीच होते. तेव्हा नकाशा आणि तो कागद घेऊन नगरसेवकाकडे जा. मागणी एकच ठेवा: अंदाजपत्रकात किशोरांसाठी एक स्वतंत्र हेड. रक्कम छोटी असली तरी चालेल. हेड उघडलं की पुढच्या वर्षी खर्चाचा हिशोब विचारता येतो.

लगेच काही होईल असं नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील. पण तुमची धाकटी बहीण आत्ता नववीत असेल, तर तिच्याकडे फक्त तीन-चार वर्षं आहेत. तिला सात वाजता जायला चौथी जागा हवी आहे. ती स्वतः पालिकेत जाऊन मागू शकत नाही. तुम्ही मागू शकता.