दिवा विझला म्हणजे वीज गेली काय?

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं पोषाख, पडदे व तालमी यांची चर्चा सर्वत्र सुरू होते. परंतु रंगमंचावरील दिव्यांच्या तारांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. गतवर्षीं तालमीच्या वेळीं आमचा एक सहाध्यायी शिडीवर चढून दिवा बदलीत होता. बटन बंद होतें, दिवाहि विझलेला होता. तरी होल्डरास बोट लागतांच त्याला जबर धक्का बसला, कारण दुसरा हात लोखंडी दांडीवर होता. खालच्या मित्रांनीं सांवरलें म्हणून अनर्थ टळला. वायरमननें तपासलें तेव्हां कळलें कीं, बटन फेजऐवजीं न्यूट्रलच्या तारेंत बसविलेलें होतें.

आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यांत प्रवाहाची दिशा सतत पालटत असते, म्हणून दोन्ही तारा सारख्याच, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. न्यूट्रल रोहित्रापाशीं जमिनीशीं जोडलेली असते. फेज मात्र जमिनीच्या मानानें भारलेलीच राहते. बटन फेजमध्यें असेल तर तें बंद करतांच दिव्याकडे जाणारी वीज तुटते. न्यूट्रलमध्यें असेल तर दिवा विझतो खरा, पण होल्डरांत वीज तशीच उभी राहते.

१८८१ च्या डिसेंबरांत व्हिएन्नाचें रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांपायीं जळून शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्याच महिन्यांत लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत डॉयली कार्ट यांनीं विजेचा जळता दिवा प्रेक्षकांसमक्ष फोडून तो निर्धोक असल्याचें दाखविलें. वीज रंगभूमीवर आली ती रक्षणाचें आश्वासन देऊन. आपल्या हलगर्जीपणानें तें खोटें ठरूं नये.

वेळ नाहीं, पैसा नाहीं, ही सबब आम्हांस मान्य नाहीं. नव्या पडद्यास पैसा मिळतो, तर वायरमनच्या एका तासासहि मिळाला पाहिजे. पहिल्या तालमीपूर्वीं त्यानें प्रत्येक सॉकेट व बटन तपासावें. प्लगची तिसरी पिन कोणीं कापूं नये, कारण दिव्याचें धातूचें अंग तिच्याच द्वारें जमिनीशीं जोडलेलें असतें. आणि ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारें यंत्र बसवावें. मुख्य म्हणजे, प्लग काढल्यावांचून कोणींहि शिडीवर पाय ठेवूं नये. टाळ्यांच्या गजरांत पडदा पडावा आणि सर्व मुलें सुखरूप घरीं जावींत, हेंच संमेलनाचें खरें यश, असें आमचें नम्र परंतु ठाम मत आहे.