मुलांचा निवाडा मुलांपुढे

दुकानातून लिपस्टिक खिशात घातली, शाळेत मारामारी केली, रात्री भिंती रंगवल्या. अशा कारणांनी पकडल्या गेलेल्या मुलांसाठी अमेरिकेत ‘टीन कोर्ट’ असतं. फिर्यादी पक्षाचा वकील, बचावाचा वकील, ज्यूरी, काही ठिकाणी तर न्यायाधीशही शाळकरी मुलंच. टेक्सासमधल्या ओडेसाच्या कोर्टानं १९८३पासून या कल्पनेला बळ दिलं. अलास्कातल्या अँकरेजमध्ये अशा कोर्टात वकील म्हणून उभं राहण्याआधी मुलांना कायद्याचे वर्ग करावे लागतात, परीक्षा द्यावी लागते.

गुन्हा केला की नाही, हा वाद बहुतेक कोर्टांत नसतोच. मुलानं तो आधीच कबूल केलेला असतो, आईवडिलांची संमती असते. ठरवायचं असतं ते पुढचं. पैसे जवळ असताना का उचललंस? सोबत कोण होतं? घरी कळल्यावर काय झालं? मोठ्यांपुढे मान खाली घालून ‘परत करणार नाही’ म्हणणं मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. समवयस्कांपुढे ते चालत नाही, कारण असल्या सबबी त्यांनीही कधी ना कधी घरी सांगितलेल्या असतात.

शिक्षा म्हणजे माफीपत्र, समाजसेवेचे तास, निबंध. ती पुरी केली की बहुधा प्रकरण मिटतं, मुलाच्या नावावर डाग राहत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक अट: बऱ्याच ठिकाणी त्या मुलाला पुढच्या खटल्यांत स्वतः ज्यूरीत बसावं लागतं. काल ज्याला जाब विचारला, तो आज दुसऱ्याचं ऐकून घेतो, शिक्षा किती असावी यावर मत देतो. त्याच्या शब्दाला किंमत आहे, हे त्याला इथे अनुभवायला मिळतं.

अर्बन इन्स्टिट्यूटच्या २००२च्या अभ्यासात अलास्कात टीन कोर्टातून गेलेल्यांपैकी सहा टक्के मुलं सहा महिन्यांत पुन्हा पकडली गेली. नेहमीच्या वाटेनं गेलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. मेरीलँडमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे हा हमखास उतारा नव्हे.

आपल्याकडे ‘निबंध’ म्हटलं की पुण्याचं कल्याणीनगर आठवतं. मे २०२४मध्ये भरधाव पोर्शेनं दोन जीव घेतले, आणि अल्पवयीन चालकाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. लोकांचा संताप रास्तच होता. दोन मृत्यूंपुढे निबंध ही क्रूर थट्टा आहे. पण त्या रागात किरकोळ चुकांसाठीचे सौम्य उपायही बदनाम झाले, याचं मला वाईट वाटतं. २०१५च्या बालन्याय कायद्यात समज देणं, समुपदेशन, समाजसेवा हे सगळं आहे. अशी प्रकरणं ऐकणाऱ्या बालन्याय मंडळावर दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलाच्या वयाचं कुणी नसतं.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. फोडलेली काच, चोरलेला मोबाईल, वर्गातली दादागिरी यांचा निकाल आज मुख्याध्यापकांच्या खोलीत, पालकांना बोलावून लागतो. गावातल्या एखाद्या वकिलानं नववी-दहावीच्या मुलांना महिनाभर शिकवावं, आणि दोन्ही बाजूंच्या पालकांची संमती घेऊन असं एखादं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवून पाहावं.