मृतांचे देणे

१० डिसेंबर २०२४ रोजी ओस्लोमध्ये निहोन हिदान्क्यो या अणुबाँबपीडितांच्या संघटनेला शांततेचे नोबेल मिळाले. ब्याण्णव वर्षांचे तेरुमी तानाका भाषणाला उभे राहिले. नागासाकीवर बाँब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. जवळचे पाच नातलग त्यांनी त्यात गमावले. अणुबाँबने ज्यांचा जीव घेतला त्यांच्यासाठी जपान सरकारने काहीही भरपाई दिलेली नाही, असे ते म्हणाले आणि हातातला कागद बाजूला ठेवून तेच पुन्हा एकदा म्हणाले. त्या भाषणातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते, असे आम्हाला वाटते.

१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य बिनलष्करी होती. बाँब टाकला अमेरिकेने. पण १९५१ च्या सॅनफ्रान्सिस्को तहात जपानने आपला आणि आपल्या नागरिकांचा भरपाईचा हक्क सोडून दिला. मग पीडितांनी दाद मागायची कोणाकडे? पाच जणांनी आपल्याच सरकारला कोर्टात खेचले. १९६३ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला: ही बाँबफेक आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होती, मात्र एकट्यादुकट्या नागरिकाला त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांनाही हे बोचले असावे. राजकारणाच्या दारिद्र्याबद्दल त्यांनी निकालपत्रातच खंत नोंदवली आहे.

सरकारला ती खंत शिवली नाही. युद्धात नागरिकांच्या वाट्याला जे आले ते साऱ्यांनी सारखेच सोसायचे असते, असे १९८० साली आरोग्यमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाने लिहून दिले. सारखेच? त्याच देशात सैनिकांची निवृत्तिवेतने १९५३ मध्येच पुन्हा सुरू झाली होती, त्यांच्या विधवांचीही सोय लागली होती. सोसायचे होते ते घरात भाजून मेलेल्या बायकामुलांच्या आप्तांनी. लढाई पुकारणाऱ्या सरकारने लढणाऱ्याचे देणे मानावे आणि लढाईत फुकट मेलेल्याचे मानू नये, हा न्याय आम्हाला कदापि मान्य नाही.

जे वाचले त्यांना उपचार मिळतात, भत्तेही मिळतात, हे खरे. पण पहिला कायदा १९५७ चा, म्हणजे बाँबनंतर बारा वर्षांनी. तोही १९५४ मध्ये बिकिनीच्या हायड्रोजन बाँबची राख जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडून देशभर संताप उसळला, त्यानंतरचा. हिरोशिमा-नागासाकीत हजारो कोरियन होते. कित्येकांना जपानच्या राजवटीने सक्तीने मजुरीला आणले होते. ते मायदेशी परतले आणि १९७४ च्या एका सरकारी परिपत्रकाने, जपानची हद्द ओलांडली की भत्ता बंद, असे ठरवून टाकले. ते परिपत्रक २००३ पर्यंत जिवंत होते. किरणोत्साराने पोखरलेले शरीर सीमा ओलांडल्यावर बरे होत नाही, एवढे कळायला २९ वर्षे आणि अनेक खटले लागले.

मार्च २०२५ अखेर नोंद असलेल्या पीडितांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली गेली. त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. पैशाने त्यांचे आता फारसे काही होणार नाही. ही माणसे मागतात ती कबुली: युद्ध राज्याने केले, म्हणून मेलेल्यांचे उत्तरदायित्वही राज्याचेच. ही कबुली एकदा दिली की पुढचे युद्ध करणाऱ्याला प्रत्येक नागरिकाच्या जिवाचा जाब द्यावा लागेल. सरकारे नेमकी त्यालाच भितात.

अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ पासून लागू आहे. अण्वस्त्रांच्या वापराने आणि चाचण्यांनी होरपळलेल्यांना मदत करण्याचे बंधन त्यात स्पष्ट लिहिले आहे. जपानने त्यावर सही केलेली नाही. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या नऊ देशांपैकी एकानेही केलेली नाही, आणि त्या नवांत आपणही आहोत.