वजनाचा रोजमेळ

दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ जुळवण्याची शिस्त जळगाव-धुळ्याच्या व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाला हीच शिस्त तारक ठरते. ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावते आणि शरीरात मीठ-पाणी साचू लागते. पायांवर सूज वा धाप जाणवण्याआधी ही वाढ बहुधा वजनकाट्यावर उमटते. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत नोंदवावे. ३ दिवसांत २ किलो वाढ दिसताच डॉक्टरांना कळवावे.

मिठाची आवक लोणचे, पापड, बिबडे, शेव यांतून नकळत होते. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्याही पाणी साठवतात. उलट, खान्देशच्या मे महिन्यात घाम आणि लघवीची गोळी मिळून पाणी फार काढतात. वजन झपाट्याने उतरले वा चक्कर आली, तरीही डॉक्टरांना विचारावे.

खरी कसोटी पर्युषणात लागते. उपवास, चौविहार यांमुळे पाण्याचे प्रमाण व गोळ्यांच्या वेळा बदलतात. बरे वाटते म्हणून औषध परस्पर सोडू नये. पच्चक्खाण घेण्यापूर्वी, आठवडाभर आधीच, वही घेऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी नकार दिला, तर घरच्यांनी वडीलधाऱ्यांना आग्रह करू नये आणि वडीलधाऱ्यांनीही खंत बाळगू नये. तप यथाशक्तीच सांगितले आहे.